नववा फर्मा

"बाळ होईपर्यंत पुस्तकाला हात लावणार नाही, असं म्हणा," काकू म्हणाल्या.

"हात न लावता बाइंडिंग कसं करू?" काकांनी विचारलं.

"मग हात लावा. डोळे लावू नका."

काकांनी शपथ घेतली. घेतली म्हणजे घ्यावी लागली. एकुलत्या एका लेकीला नववा महिना लागला होता, काकूंच्या हातात उलथनं होतं, आणि अशा वेळी शहाणा माणूस वाद घालत नाही. शिवाय काकूंची बाजू भक्कम होती. तिला अठ्ठावीस वर्षांचा पाया होता.

काका म्हणजे आमच्या गल्लीतले बाइंडरकाका. सुटी पानं शिवायची, पुठ्ठा लावायचा, खळ सुकली की पुस्तक दाबात ठेवायचं, हा त्यांचा धंदा. आणि दाबात ठेवण्याआधी ते पुस्तक वाचून काढायचं, हे त्यांचं व्यसन. छापलेली सोळा पानं घडी घालून एकात एक बसली की त्याला फर्मा म्हणतात, आणि असे दहा-पंधरा फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. लोक पुस्तकं वाचतात, काका फर्मे वाचत. चहाबरोबर एक, जेवताना एक. खिशात तर कायम एक असेच.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी, लेक जन्मली त्या दिवशीही खिशात एक होता. प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर काका तो वाचत बसले. आतून नर्सने तीनदा हाक मारली, "बाळाचे वडील कोण?" काकांनी पान उलटलं. शेवटी फर्मा संपला तेव्हा त्यांनी मान वर केली, तोवर बाळ साऱ्या मजल्यावर फिरून परत आईच्या कुशीत गेलं होतं.

"दोन खोल्यांपलीकडच्या बाईचा मेहुणा!" काकू तेव्हापासून सांगत आल्या होत्या. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, नव्या जावयाला तर पहिल्याच भेटीत. "ओळख ना पाळख, तोसुद्धा माझ्या लेकीला तिच्या बापाच्या आधी बघून गेला!"

काकांना ते लागायचं. लेकीला पहिल्यांदा हातात घेण्याचा तो क्षण कुठल्याशा गोष्टीच्या सोळा पानांपायी गेला, आणि ती गोष्ट कसली होती तेही आता आठवत नव्हतं. आता आजोबा होताना तरी चुकायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. शपथ त्यांनी उलथन्याला भिऊन घेतली असली, तरी मनापासून घेतली होती.

काकूंनी त्यांना काम एकच दिलं. लेकीची दवाखान्याची फाइल सांभाळायची. फाइल कसली, प्लास्टिकची पिशवीच ती. उघडली की निम्मे कागद जमिनीवर यायचे. दर तपासणीला डॉक्टरीणबाई ओरडायच्या आणि लेक कागद गोळा करत बसायची, तेही त्या अवघडलेल्या पोटाने.

सुटे कागद दिसले की काकांचे हात शिवशिवायचे. त्यांनी ठरवलं, फाइलच बांधून टाकायची. चांगली शिवलेली, कापडी पाठीची. सगळे कागद मधोमध दुमडून त्यांनी चार-चारचे गठ्ठे केले. चार कागद दुमडले की होतात सोळा पानं. म्हणजे फर्माच की! काका स्वतःवरच खूश झाले.

त्याच टेबलावर पलीकडे वाचनालयाची एक रहस्यकथा उसवून ठेवलेली होती. पुस्तक जुनं, शिवण सुटलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. काकांना फक्त फर्म्यांचा क्रम लावायचा होता. आता क्रम लावायचा तर पानांचे आकडे बघावे लागतात, आणि आकडे बघायचे तर डोळे लावावे लागतात. आकड्याच्या वर मजकूर असतो, त्याला काकांचा काय इलाज? आठ फर्म्यांचा क्रम लागेस्तोवर वकीलसाहेबांचा खून होऊन गेला होता. कोणीतरी पितळी फुलदाणी डोक्यात घातली होती. एकशे अठ्ठाविसाव्या पानाच्या तळाशी इन्स्पेक्टरला चोरकप्प्यात घडी घातलेला एक कागद सापडला, आणि तो उलगडून वाचताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

काकांनी नववा फर्मा उचलला. तेवढ्यात चपला वाजल्या. काकू चहा घेऊन येत होत्या.

पुढचं सगळं एका क्षणात झालं. काकांनी नववा फर्मा लेकीच्या रिपोर्टांच्या ढिगात खुपसला आणि ते रिपोर्ट चाळत असल्याचं सोंग केलं. या गडबडीत रिपोर्टांचा एक गठ्ठा सरकला आणि रहस्यकथेच्या ढिगावर, बरोब्बर आठव्या फर्म्यावर, जाऊन बसला.

"वाचत नव्हता ना?"

"छे! फाइल लावतोय."

"मग माझ्यासमोर शिवा. मी बसते इथे."

आणि काकू बसल्या. काकूंच्या नजरेखाली काकांनी आधी फाइल शिवली, मग पुस्तक शिवलं. आकडे बघायची सोयच उरली नव्हती, आणि नववा फर्मा कुठल्या ढिगात खुपसला तेही धांदलीत काकांच्या ध्यानातून गेलं. गठ्ठा अंगठ्याने चाचपायचा, सोळा पानांची जाडी लागली की दाभण घालायचं. चाळीस वर्षांचा अंगठा, तो चुकला नाही. जाडी दोन्हीकडे सारखीच होती. मग पुस्तकाच्या कुरतडलेल्या कडा त्यांनी यंत्रावर जरा सढळ हाताने कापल्या, खळ लावली, आणि संध्याकाळी पुस्तक वाचनालयात पोहोचतंही केलं.

पुढे तीन आठवडे काकांनी शपथ अक्षरशः पाळली. खुन्याचा विचार मनात आला की ते उठून पाणी पीत. त्या दिवसांत ते फार पाणी प्याले.

मग एका सकाळी लेकीच्या पोटात कळा सुरू झाल्या. जावई गाडी काढायला धावला. काकूंनी पिशव्या उचलल्या आणि काकांनी फाइल छातीशी धरली. प्रसूतिगृहात पोहोचताच त्यांनी ती लाल कापडी पाठीची, काळ्या पुठ्ठ्याची फाइल दोन्ही हातांनी डॉक्टरीणबाईंना दिली.

"अरे वा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी कागद नीट आणलेत."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनीही जरा कौतुकानेच पाहिलं. हे कौतुक अर्धा मिनिट टिकलं.

कागद मधोमध दुमडलेले असल्यामुळे फाइल आडवी धरून वाचावी लागत होती. डॉक्टरीणबाई तशी धरून पुटपुटत होत्या, "वजन ठीक... रक्तदाब ठीक... लोहाच्या गोळ्या चालू..." त्यांनी पान उलटलं. थांबल्या. फाइल उभी केली. मग चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने वाचलं, "'खोटं! साफ खोटं!' बाई किंचाळल्या. 'मी त्या दिवशी बंगल्यात नव्हतेच!'"



"या कोण बाई?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. तीन आठवडे प्यालेलं सगळं पाणी एकदम पळालं. डॉक्टरीणबाईंनी पुढचं पान उलटलं. मग त्याच्या पुढचं. मग आणखी एक.

"डॉक्टर," पलंगावरून लेक कण्हली, "माझं काय?"

"हो हो, एकच मिनिट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लगेच ओशाळून त्यांनी फाइल मिटली. "तुमचं सगळं उत्तम आहे. पण शेवटचे रिपोर्ट यात नाहीत. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, सगळ्यात महत्त्वाचे चार कागद. कुठेयत?"

काका त त प प करू लागले. पण धंद्यातला माणूस, हिशोब क्षणात लागला. इकडे नववा फर्मा आला, तर तिकडे चार कागद गेले. "ते... वाचनालयात आहेत," ते म्हणाले.

"रिपोर्ट? वाचनालयात?"

"एका खुनात शिवले गेलेत."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "हे बघा, अजून वेळ आहे. दुपारपर्यंत आणा. नाहीतर रक्त पुन्हा घ्यावं लागेल."

"पुन्हा सुई?" लेक कळ विसरून ओरडली. बापाचा जन्म दाभणाशी खेळण्यात गेला, पण लेक सुई नुसती पाहूनच डोळे मिटायची. "बाबा, काहीही करा, पण ते कागद आणा!"

काका दाराकडे वळले. काकूंनी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"वाचलंतच ना शेवटी? शपथ घेऊन वाचलंत!"

"अगं, आठच फर्मे..."

"जा आता. आणि तिथे पुस्तकं दिसतील, त्यात बसाल रमून. इकडे बाळ येईल, सगळं जग बघून जाईल, आणि तुम्ही याल सावकाश. मागच्या वेळी मेहुणा होता, या वेळी कोण असेल देव जाणे!"

काका धावत सुटले. साठी उलटलेला माणूस भर रस्त्यातून धावू लागला की लोक वाट देतात. तशी त्यांनाही मिळाली.

वाचनालयात ग्रंथपाल नेहमीसारखे शांत बसले होते. ते घाई नावाची गोष्ट मानत नसत. काकांनी धापा टाकत पुस्तकाचं नाव सांगितलं. ग्रंथपालांनी चष्मा पुसला, वही काढली आणि थुंकी लावून पानं उलटायला सुरुवात केली.

"बसा ना काका. नवीन तीन पुस्तकं आलीत, बघून घ्या तोवर."

ती तीन पुस्तकं टेबलावरच होती. कोरी करकरीत. एकाच्या मुखपृष्ठावर अर्धवट उघडं दार होतं. काकांनी डोळे मिटून घेतले आणि तसेच मिटलेल्या डोळ्यांनी ते उभे राहिले. चाळीस वर्षांत असा मोह त्यांनी पहिल्यांदाच परतवला, आणि तो बघायला काकू तिथे नव्हत्या याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"गेलंय बाहेर," ग्रंथपाल म्हणाले. "एका बाईंनी नेलंय, सातच दिवस झाले. पत्ता देतो. पण काका, तुम्ही डोळे का मिटलेत?"

पत्ता गावाच्या दुसऱ्या टोकाचा निघाला. तिथे चार मजले चढून काकांनी बेल वाजवली. एका म्हाताऱ्या आजींनी दार उघडलं.

"पुस्तक? ते माझी लेक सोबतच घेऊन फिरते हो. आठवडाभर त्या पुस्तकाने तिला वेड लावलंय. जेवताना मध्येच म्हणते, 'आई, ती बाई कोण असेल?' कामावर घेऊन गेलीय."

"कामाला कुठे असतात त्या?"

"प्रसूतिगृहात. मुख्य सिस्टर आहे ना ती!"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. चार मजले उतरले आणि पुन्हा धावत सुटले.

प्रसूतिगृहातल्या सिस्टरांचं टेबल व्हरांड्याच्या तोंडाशीच होतं. सकाळी काका त्यांच्याच नाकासमोरून दोनदा गेले होते.

"सिस्टर," काका टेबलाला धरून उभे राहिले, "तुमच्याकडचं पुस्तक. एकशे अठ्ठाविसाव्या पानानंतर..."

सिस्टर ताडकन उठल्या. "तुम्ही वाचलंय? मग मला सांगा, ती गरोदर बाई कोण?"

"तेच सांगायला..."

"इन्स्पेक्टरला चोरकप्प्यात कागद सापडतो. पान उलटलं तर खरोखरचा कागद! म्हटलं, काय लेखक आहे, पुरावाच शिवलाय पुस्तकात! पण नाव कुठेच नाही. वरची ओळच कापलेली. मी तिथेच ओळखलं, खुन्याने नाव कापलंय."

"मी कापलंय," काका म्हणाले. "कडा कुरतडलेल्या होत्या."

सिस्टरांचं लक्ष नव्हतं. आठवडाभर साचलेलं सगळं त्या बोलत होत्या. "आधी मला वाटलं, तीच खुनी. पण मी रिपोर्ट नीट वाचला. हिमोग्लोबिन साडेदहा, त्यात आठवा महिना. अशी बाई ती जड फुलदाणी डोक्याच्या वर उचलूच शकत नाही. ती निर्दोष आहे. मग पुढचं सगळं पुस्तक वाचलं, खुनी सापडला, पण ही बाई पुन्हा कुठे येतच नाही हो! आठव्या महिन्यातली बाई लेखकाने अशी वाऱ्यावर सोडावी?"

"सिस्टर," काका काकुळतीला आले, "ती बाई आत कळा देतेय. माझी लेक आहे ती."

सिस्टरांनी काकांकडे पाहिलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडे. मग झटकन खण उघडून त्यांनी पुस्तक काढलं. काकांनी खिशातलं छोटं पातं काढून आपल्याच हातची शिवण कापली. अशी पक्की शिवण आपण का घालतो, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. चारही कागद सुटे झाले, त्यांनी प्रत्येकावर लेकीचं नाव लिहून दिलं, आणि सिस्टर ते घेऊन आत पळाल्या. जाता जाता म्हणाल्या, "मला ती खरी सोळा पानं पाहिजेत हं!"

जरा वेळाने जावयाने दारातून डोकं काढून सांगितलं, "बाबा, कागद चालले. सुई टळली." काकांचा जीव भांड्यात पडला.

हे काकूंना सांगायला ते बाकाकडे आले. काकू बाकावर एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर फाइल.

"अगं, मिळाले! आणि वेळेवर आलो बरं का."

"हं," काकू म्हणाल्या.

काकांना वाटलं, राग अजून उतरलेला नाही. ते शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "धावत गेलो, धावत आलो. नवी पुस्तकं होती तिथे, पण पाहिलीसुद्धा नाहीत."

"हं."

या खेपेला काकांनी नीट पाहिलं. काकूंनी फाइल उभी धरली होती. आडवी नाही, उभी. त्यांचं बोट ओळीवरून हळूहळू सरकत होतं आणि ओठ हलत होते. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण काकूंनी किराण्याच्या यादीपलीकडे काही वाचल्याचं काकांना आठवत नव्हतं.

"तू... वाचतेयस?"

"डॉक्टरीणबाईंनी दिलं सांभाळायला. म्हणाल्या, पान दुमडू नका, मला पुरं करायचंय. म्हटलं बघू तरी, एवढं काय आहे." काकूंनी मान वर केली नाही. "एकेक ओळ लावत इथवर आलेय. त्या बाई खोटं बोलतायत, मला पहिल्यापासून वाटत होतं. आता बोलू नका मधे."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या. त्यांच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बाळाची आजी कोण?"

काकूंनी पान उलटलं.

"बाळाची आजी?" सिस्टरांनी पुन्हा विचारलं.

काकांच्या मनात त्या क्षणी काय काय आलं, ते लिहायला एक फर्मा पुरायचा नाही. अठ्ठावीस वर्षं आली, सगळे पाहुणे आले, शेजारी आले, तो मेहुणा तर आलाच. पण माणूस सरळ. त्यांनी काकूंच्या कोपराला हात लावला. "अगं, ऐक..."

"थांबा हो! खुनी याच खोलीत आहे म्हणतोय तो!"

"आजी कोण बाळाची?" तिसऱ्यांदा हाक आली.

"आजी जरा कामात आहेत," काका उठत म्हणाले. "आजोबा आहेत."

"मुलगी झाली," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी ते गाठोडं काकांच्या हातांवर ठेवलं.

चाळीस वर्षं पुस्तकं हाताळलेल्या त्या हातांना वजनाचा अंदाज नेहमी बरोबर यायचा. आज आला नाही. काका नुसते बघत राहिले. लालसर तोंड, मिटलेल्या पापण्या, कपाळावर एक आठी. ही आठी कोणाची ते विचारायला नको होतं. काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत, कारण दोन्ही हात अडकलेले होते आणि ते सोडवायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.

शेजारच्या खोलीतून कोणीतरी एक गृहस्थ थर्मास घेऊन बाहेर आले होते. ते थांबले, वाकले आणि बाळाकडे बघून म्हणाले, "वा! गोड आहे हो."

"तुम्ही कोण?" काकांनी विचारलं.

"मी? इथल्या पेशंटचा मेहुणा."

काकांनी त्यांना बाळ अगदी नीट, सगळ्या बाजूंनी दाखवलं.

"आणि?" बाकावरून काकू ओरडल्या. "'त्याने बोट उचललं आणि' म्हणून पान संपलंच की! पुढे काय?" त्यांनी मान वर केली. समोर काका, काकांच्या हातात बाळ, बाळावर वाकलेला परका माणूस. काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा त्या गृहस्थांकडे.

"हे कोण?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"मेहुणे आहेत," काका म्हणाले.

काकूंनी फाइल मिटली. मग त्या उठल्या, काकांजवळ आल्या आणि नातीच्या गालाला बोट लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचेही डोळे पाझरत होते. "लेकीला सांगू नका हं," शेवटी त्या पुटपुटल्या.

"कोणती गोष्ट? आजची की तेव्हाची?" काकांनी विचारलं.

"दोन्ही," काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा मेहुणा त्या घरातल्या बोलण्यात पुन्हा कधी आला नाही.

नववा फर्मा काकांनी जागच्या जागी शिवून दिला. आधी तो डॉक्टरीणबाईंनी वाचला, मग सिस्टरांनी, आणि मग सबंध पुस्तक काकूंनी. सिस्टर बाळाला बघायला घरी आल्या तेव्हा खुन्याचं नाव त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण काकूंनी कानांत बोटं घालून त्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. पुस्तक संपल्यावर काकू स्वतः वाचनालयात गेल्या. एका कार्डावर दोन पुस्तकं मिळतात. आजवर दोन्ही काकांची असायची. आता दोन्ही काकूंची असतात.

काकांना त्याचं काही वाटत नाही. वाटायला वेळच नाही. लेक जरा झोपली की नात त्यांच्याकडे असते, आणि ती फार जागी असते. नववा फर्मा त्यांनी अजूनही वाचलेला नाही. परवा दुपारी नातीला खांद्यावर घेऊन ते खोलीत फेऱ्या मारत होते. नात रडत होती आणि काका तिला जमेल तसं, आठव्या फर्म्यापर्यंतचं, सगळं सांगत होते.

"अहो," खिडकीजवळच्या खुर्चीतून पुस्तकामागून आवाज आला, "तिला जरा बाहेर घेऊन जा की. इथे विष कोणी घातलं ते कळायला आलंय."

काका नातीला घेऊन अंगणात गेले. दार त्यांनी हळूच लोटून घेतलं.